घर विकू नका, भाड्याने द्या : घोडबंदर रोडवरील ज्येष्ठांचे आणि भाडेकरू कुटुंबांचे मागणीपत्र

प्रति,
मा. आर्चबिशप, मुंबई महाधर्मप्रांत
मा. बिशप, मुंबई धर्मप्रांत, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया
मा. सचिव, गृहनिर्माण विभाग, महाराष्ट्र शासन
मा. मुख्य अधिकारी, म्हाडा कोकण मंडळ
मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका
मा. धर्मादाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य

विषय : चर्चच्या जमिनीवर ज्येष्ठ नागरिक आणि अल्प उत्पन्न कुटुंबे यांच्यासाठी कायमस्वरूपी भाड्याची घरे उभारण्याबाबत.

महोदय,

घोडबंदर रोडवर घरे कमी नाहीत. कापूरबावडीहून गायमुखाकडे बस निघाली की दोन्ही बाजूंना टॉवर लागतात. त्यांची नावे इटालियन, ग्रीक नाहीतर स्पॅनिश, आणि काहींच्या कित्येक खिडक्यांत संध्याकाळी दिवाच लागत नाही. परवडेल अशी जागा मात्र दोन प्रकारच्या माणसांना मिळत नाही : ज्यांची कमाई थांबली आहे त्यांना, आणि ज्यांची नुकती कुठे सुरू झाली आहे त्यांना. हे मागणीपत्र दोघांचे मिळून आहे. ज्येष्ठांचे आणि तरुण कुटुंबांचे अशी दोन वेगळी निवेदने द्यावीत, असे आमच्यातल्याच काहींचे म्हणणे होते. तसे का केले नाही, ते पुढच्या हिशेबात दिसेल.

आम्ही माजिवडा, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे या पट्ट्यात राहतो. आमच्यात इथले मूळचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती आहेत, नगर-जालन्याकडून दोन पिढ्यांपूर्वी आलेली मराठी ख्रिस्ती घरे आहेत, गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे लोक आहेत, आणि ख्रिस्ती नसलेले शेजारीही आहेत. ख्रिस्ती माणूस ठाण्याला नवा नाही. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू इथे मारले गेले, त्याची नोंद युरोपातल्या प्रवासवर्णनांत आहे; पोर्तुगीज त्यानंतर दोनशे वर्षांनी आले. पण जुनेपणावर आम्ही काही मागत नाही. मागतो ते आजच्या गरजेवर.

आमची स्थिती

आमचे बहुतेक सभासद अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम २४ मालकाच्या बाजूने अगदी स्वच्छ आहे : मुदत संपली की जागा सोडायची, न सोडल्यास ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरायची. नियम म्हणून त्यात गैर काही नाही. तिशीतले जोडपे टेम्पो बोलावते, एका रविवारात सामान हलवते आणि सोमवारी कामावर जाते. सत्तरीतल्या माणसाला मात्र सामान हलवून भागत नाही. त्याला आधारवरचा पत्ता बदलायचा असतो, गॅसची जोडणी हलवायची असते. उधारीवर गोळ्या देणारा औषधवाला सुटतो, प्रकृतीची फाइल तोंडपाठ असलेला डॉक्टर सुटतो, रविवारच्या मिस्सेला हात धरून नेणारी शेजारीण सुटते. धर्मग्राम (पॅरिश) बदलले की नव्या ठिकाणी नाव नोंदवायचे, नव्या फादरांना ओळख सांगायची. अमुक एका कबरस्तानात आपल्या माणसाशेजारी पुरावे, एवढीच इच्छा उरलेल्यांना हे बदलणे फार जड जाते.

त्यातही नवी जागा मिळेलच असे नाही. दलाल पहिल्यांदा विचारतो, "आजी एकट्याच राहणार का?" पुढचे कुणी बोलून दाखवत नाही. म्हातारे माणूस आपल्या फ्लॅटमध्ये अंथरुणाला खिळेल किंवा तिथेच जाईल, आणि मग जागा पुन्हा भाड्याने देताना अडचण येईल, ही मालकाची भीती आहे. दोष कुणा एका मालकाचा नाही. सगळा बाजारच असा चालतो.

पैशाचे गणित सोपे आहे. १९६२ साली एमआयडीसी सुरू झाली. तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक म्हणजे आपली वागळे इस्टेट. तिथल्या लहान कारखान्यांत आयुष्य घालवलेल्यांना कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ खाली निवृत्तिवेतन मिळते. सप्टेंबर २०१४ पासून त्याची किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे. निराधारांसाठीच्या श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० मिळतात. एवढ्यात घोडबंदर रोडवर एका खोलीचे वीजबिल आणि पाण्याच्या टँकरची वर्गणी भागली तरी पुष्कळ. टँकरचे नाव काढलेच आहे तर सांगतो : मे २०१७ मध्ये याच पट्ट्यातल्या पाणीटंचाईवरून मुंबई उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखून धरल्या होत्या. पुढे बंदी उठली, टॉवर उठले, टँकर राहिले.

दुसरीकडे तरुण कुटुंबे. रुग्णालयातल्या परिचारिका, शाळेतले शिपाई, मॉलमधले सुरक्षारक्षक, चर्चचेच सेवक. ते काम इथे करतात आणि राहायला टिटवाळा, बदलापूर किंवा नायगाव गाठतात. मेट्रो ४ आणि ४अ चे खांब उभे राहू लागले तशी भाडीही त्यांच्यासोबत वर चढली.

आजवरच्या योजना

सरकारने काही केले नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण जे केले ते आमच्यापर्यंत का पोहोचत नाही, ते तपासायला हवे.

एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. तिच्यानुसार मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर विकासकाने मूळ चटईक्षेत्राच्या वीस टक्के इतकी छोटी घरे बांधायची असतात. ती म्हाडाच्या सोडतीतून जातात, आणि त्यातली काही घोडबंदरच्या आसपासही आहेत. पण ही घरे विकत घ्यावी लागतात. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला वीस वर्षांचे कर्ज कुठली बँक देणार? कर्जाची मुदत बहुतेक बँका सत्तरीच्या आसपास संपवतात. म्हणजे सोडतीत नाव लागले तरी ते घर मुलाच्या नावाने घ्यायचे किंवा सोडून द्यायचे. आणि ज्याला ते मिळते तोही विक्रीवरची बंधने संपली की बाजारभावाने विकून मोकळा होतो. एका पिढीतल्या एका कुटुंबाचे भले होते. पण परवडणारे म्हणून बांधलेले ते घर त्यानंतर कुणालाच परवडत नाही.

भाड्याच्या घरांचा प्रयोगही याच रस्त्यावर झाला. २००८ च्या सुमारास एमएमआरडीएने खासगी विकासकांना वाढीव चटईक्षेत्र देऊन १६० चौरस फुटांची भाडेतत्त्वावरील घरे बांधून घेतली. त्यातल्या काही इमारती मानपाडा, वर्तकनगर भागात उभ्या आहेत. भाड्याने द्यायची घरे कुणाला, किती भाड्याने आणि कुणी सांभाळायची, हे इमारत बांधण्याआधी ठरले नव्हते. शेवटी त्यांचा उपयोग धोकादायक इमारतींतल्या रहिवाशांना आणि प्रकल्पबाधितांना तात्पुरते ठेवण्यासाठी झाला. शीळफाट्याजवळच्या लकी कंपाऊंडमधली इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली, ७४ माणसे गेली. तेव्हापासून अशा तात्पुरत्या जागांची शहराला किती गरज आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा धडा वेगळा आहे. चालवणारा आधी ठरवला नाही, तर भाड्याची घरे भाड्याची राहत नाहीत.

ज्येष्ठांसाठी कायदाही आहे. पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम १९ मध्ये जिल्ह्यागणिक किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. ती पुरी व्हावीच. पण आमच्यातल्या बहुसंख्यांना वृद्धाश्रम नको आहे. त्यांना आतून लावता येणारी कडी हवी, दोन भांड्यांचा स्वयंपाक करता येईल असा ओटा हवा, दारावर स्वतःच्या नावाची पाटी हवी. बायकांचा आश्रम वेगळा आणि पुरुषांचा वेगळा अशी व्यवस्था असली, की चाळीस-पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्याला त्या दारात वेगळे व्हावे लागते.

चर्चकडेच का

असा प्रश्न आम्हाला आमच्याच घरांतून विचारला गेला. उत्तर साधे आहे. चर्चकडे जमीन आहे, ती विकण्याची घाई नसलेली व्यवस्था आहे, आणि गरीब माणसाच्या घरी नियमाने जाणारे लोक आहेत. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची मंडळी धर्मग्रामांत रेशन आणि औषधे घेऊन जातात. कुणाचे भाडे थकले आहे ते सरकारी सर्वेक्षणाआधी त्यांना कळते. शाळा आणि दवाखाने चर्चने शतकभर चालवले. घर हे त्याच कामातले राहून गेलेले अंग आहे. १९८७ हे संयुक्त राष्ट्रांचे बेघरांसाठीचे आंतरराष्ट्रीय निवारा वर्ष होते. त्या वर्षी व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने घराच्या प्रश्नावर स्वतंत्र दस्तऐवज काढला, आणि घर नसणे हा त्या माणसाचा दोष नसून समाजाच्या रचनेतली त्रुटी आहे, अशी भूमिका घेतली. ती भूमिका घोडबंदर रोडवर जमिनीवर उतरलेली आम्हाला पाहायची आहे.

शिवाय हे काम आपल्याच भागात, आपल्याच लोकांनी एकदा केलेले आहे. १९१८ साली वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने पतपेढी निघाली. तीच आजची बॅसीन कॅथोलिक सहकारी बँक. त्याच वर्षी वांद्र्यात साल्सेट कॅथोलिक सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. गावदेवीतल्या सारस्वत संस्थेने १९१५ मध्ये सहकारी घरांचा पहिला पाठ घालून दिला होता, त्यानंतरच्या अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी ती एक. मध्यमवर्गीय कॅथोलिक कुटुंबांना हवेशीर घर मिळावे म्हणून भूखंड पाडले गेले. आज वांद्र्याच्या त्या गल्ल्यांतल्या जागेचा भाव ऐकला तर संस्थापकांना घेरी येईल. संस्था वाईट चालली असे नव्हे. घरे व्यक्तींच्या हाती गेली आणि बाजाराने आपले काम केले.

पारशी बागांचे, म्हणजे पारशी वसाहतींचे, उलटे झाले. जेरबाई वाडियांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या बागा, मग कुलाब्याची खुस्रो बाग, ही घरे न्यासाच्या हाती राहिली, भाड्याची राहिली, म्हणून कितीतरी पिढ्यांना पुरली. तिथली दुखणी वेगळी आहेत : भाडे इतके गोठले की दुरुस्तीला पैसा उरेना, आणि घर कुणाला द्यायचे यावरून भांडणे कोर्टात गेली. दोन्ही उदाहरणे समोर ठेवूनच आमच्या मागण्या आखल्या आहेत. जमीन आणि घर न्यासाचे राहावे, पण भाडे गोठू नये आणि वाटपाची कसोटी आधीच लिहिलेली असावी.

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणे थोडक्यात. जर्मनीत आउग्सबुर्गला याकोब फुगर या सावकाराने १५२१ मध्ये गरीब कॅथोलिकांसाठी वसाहत स्थापन केली. तिचे वर्षाचे मूळ भाडे आज एक युरोसुद्धा नाही, आणि रहिवाशांनी रोज तीनदा संस्थापकासाठी प्रार्थना करावी अशी अट आहे. पाचशे वर्षे घरे टिकली याचे कौतुक. अट मात्र आम्हाला नको. दुसरे उदाहरण अमेरिकेचे. तिथल्या १९५९ च्या गृहनिर्माण कायद्यातल्या कलम २०२ खाली चर्च आणि इतर ना-नफा संस्थांना वृद्धांची भाड्याची घरे बांधायला सरकारी भांडवल मिळू लागले. १९९० नंतर ते असे दिले जाते, की इमारत चाळीस वर्षे गरीब वृद्धांसाठीच वापरली तर पैसे परत करायचे नाहीत. रहिवासी आपल्या उत्पन्नाच्या सुमारे तीस टक्के भाडे देतो, बाकीचे सरकार भरते. सगळी खुबी त्या चाळीस वर्षांच्या कुलपात आहे. एकट्या चर्चला हे झेपत नाही आणि एकट्या सरकारला टिकवता येत नाही, हे तिथे मान्य करून टाकले आहे.

चर्चकडे मागण्या

पहिली मागणी जमिनीची. ठाणे शहर आणि घोडबंदर पट्ट्यातल्या चर्च-न्यासांच्या मालकीच्या, वापरात नसलेल्या किंवा अर्धवट वापरातल्या जागांची यादी सहा महिन्यांत जाहीर करावी. कुठल्याही भूखंडाचे नाव आम्ही इथे घेत नाही. नाव घेतले की दुसऱ्या दिवशी त्यावर कुणाचा तरी फलक लागतो, हा घोडबंदरचा अनुभव आहे. यादी होईपर्यंत या पट्ट्यातली एकही जागा विकू नये. कॅथोलिक चर्चच्या कायद्यात मालमत्ता विकण्यापूर्वी बिशपांना वित्त समितीची आणि सल्लागार मंडळाची संमती घ्यावी लागते. त्या संमतीच्या आधी धर्मग्रामाच्या सभेत विषय मांडला जावा. प्रॉटेस्टंट न्यासांनीही मंडळीच्या सभेपुढे तो मांडावा. वर्षानुवर्षे कोर्टात अडकलेल्या जमिनींबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही, पण त्या वादांमुळे वादात नसलेल्या जमिनी तरी थांबू नयेत.

दुसरी मागणी सगळ्यांत महत्त्वाची : ही घरे विकू नयेत. चटईक्षेत्र वाढवून, अर्धे बाजारात विकून, उरलेल्यात गरिबांची सोय करू, असा प्रस्ताव घेऊन विकासक येतील. आम्हाला तो मान्य नाही. विक्रीचा टॉवर पुढच्या बाजूला आणि आमची इमारत मागच्या नाल्याकडे, असे चित्र या रस्त्यावर पुष्कळदा पाहिले आहे. तळमजल्यावर दुकाने असावीत, पण तीही भाड्याने.

आता हिशेब. ज्येष्ठांसाठी सुमारे ३५ चौरस मीटरचे घर धरू, म्हणजे पावणेचारशे चौरस फूट. सफाई, लिफ्ट, पाणी, दुरुस्ती निधी मिळून चौरस फुटाला महिना चार रुपये खर्च येतो असे समजू, तर एका घराचा खर्च साधारण १,५०० रुपये होतो. ज्येष्ठाने उत्पन्नाचा चौथा हिस्सा भाडे द्यावे, अशी आमची सूचना आहे. ज्याला महिना ६,००० मिळतात त्याचे भाडे १,५०० होईल आणि खर्च बरोबर निघेल. ज्याला अडीच हजार मिळतात त्याच्याकडून सहाशे येतील आणि नऊशेची तूट पडेल. आता त्याच इमारतीत ४५ चौरस मीटरचे घर घेतलेले, महिना ३०,००० कमावणारे कुटुंब धरा. उत्पन्नाच्या तीस टक्क्यांनी त्याचे भाडे ९,००० होते. घराचा खर्च दोन हजारांच्या आत बसतो. उरलेल्या सात हजारांतून बांधकामाच्या कर्जाचा हप्ताही जातो आणि शेजारच्या आजींची तूटही भरते. त्या कुटुंबावर यात अन्याय होत नाही, कारण बाहेर तेवढ्या जागेला त्याला याहून कितीतरी जास्त मोजावे लागतात. उलट ज्येष्ठांची वेगळी इमारत बांधली, तर ती कायम दानपेटीकडे डोळे लावून बसेल.

म्हणून दोन निवेदने दिली नाहीत. शेजारी तरुण असले की म्हाताऱ्यांना सोबत होते, हे खरे असले तरी त्यावर आम्ही मागणी उभी करत नाही. शेजारची सून आपली सेवा करील, अशी अपेक्षा ठेवणारा म्हातारा कुठल्याही इमारतीत नकोसाच होतो.

भाडे दर तीन वर्षांनी उत्पन्न तपासून पुन्हा ठरवावे. कुटुंबाची कमाई वाढली तर त्याला लगेच बाहेर काढू नये. भाडे बाजारभावाच्या जवळ नेत जावे, म्हणजे ते आपणहून पुढचा विचार करील.

वारसाहक्क या मुद्द्यावर आमच्या सभा सर्वांत लांबल्या. पती गेल्यावर पत्नीला किंवा पत्नी गेल्यावर पतीला घर राहावे, यावर वाद नव्हता. अपंग किंवा पूर्णपणे अवलंबून असलेल्या मुलाचा प्रश्नही सुटला. पण कमावत्या मुलाला आईवडिलांचे घर मिळावे का? बऱ्याच सभासदांचे मत मिळावे असेच होते, आणि त्यामागची काळजी आम्हाला कळते. तरीही बहुमताने ठरले की मिळू नये. त्याने सर्वांसारखा अर्ज करावा, रांगेत उभे राहावे. हे कलम गाळले तर वीस वर्षांत ही इमारत पागडीची चाळ होईल. करारात ते ठळक छापावे, आणि सही घेण्याआधी मराठीत वाचून दाखवावे.

तिसरी मागणी, घर कुणाला. अर्जावर धर्माचा रकाना नसावा. २००५ च्या झोरोस्ट्रियन सहकारी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरते सदस्यत्व ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला, हे आम्हाला माहीत आहे. त्या वाटेने जायचे तर जाता येईल. जमीन आमच्या आजीआजोबांच्या दानातून आली, मग घर आधी आम्हाला का नको, असे म्हणणारे सभासद आमच्यात आहेत आणि त्यांचा विरोध इथे नोंदवतो. पण चर्चच्या शाळेत आणि दवाखान्यात कुणाचा धर्म विचारून दार उघडत नाहीत. शिवाय सार्वजनिक पैसा मागायचा आणि दार अर्धेच उघडे ठेवायचे, हे बरोबर दिसत नाही. प्राधान्य द्यायचे तर या परिसरात दहा वर्षे राहिलेल्यांना, एकट्या ज्येष्ठ महिलांना, धोकादायक इमारतीतून बाहेर पडावे लागलेल्यांना आणि इथेच काम करणाऱ्यांना द्यावे. निवड गुण मोजून करावी, समान गुणांवर जाहीर सोडत काढावी. धर्मगुरूंची शिफारस चिठ्ठी चालू नये. याचा सर्वांत मोठा फायदा धर्मगुरूंनाच होईल.

चौथी, आजारपणाची. अंथरुणाला खिळला म्हणून कुणाचा करार संपू नये. रात्रीची आया किंवा गावाकडून आलेली बहीण ठेवायची मुभा असावी. आणि माणूस घरातच गेला तर त्याला घरातूनच निरोप देता यावा. भाड्याच्या घरांत हे नेहमीच जमते असे नाही.

बांधणीबाबत फार लिहीत नाही. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श सूचना काढल्या आहेत : चाकांची खुर्ची जाईल असे ९०० मिलिमीटरचे दरवाजे, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, न घसरणाऱ्या फरश्या, आणीबाणीची घंटा. त्या इथे बंधनकारक मानाव्यात. लिफ्टला जनरेटर हवाच. व्यवस्थापनात निम्मे प्रतिनिधी रहिवाशांनी निवडलेले असावेत, आणि वर्षाचा हिशेब इमारतीच्या फलकावर लावावा.

सरकार आणि महापालिकेकडे मागण्या

पंतप्रधान आवास योजना (शहरी) २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे, आणि मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या गृहनिर्माण धोरणात ज्येष्ठ नागरिकांचा वेगळा विचार केलेला आहे. गृहनिर्माण विभागाने या दोन्हींची सांगड घालून धर्मादाय न्यासांसाठी एक योजना काढावी : बांधकामाच्या खर्चाचा ठरावीक हिस्सा अनुदान, आणि त्या बदल्यात किमान चाळीस वर्षे अल्प उत्पन्न गटालाच भाड्याने देण्याचा, सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर नोंदवलेला बोजा. ही योजना चर्चपुरती नसावी. देवस्थाने, वक्फ, गुरुद्वारा, पारशी न्यास, ज्याला ही अट मान्य असेल त्याला ती खुली हवी.

भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ३ नुसार धार्मिक किंवा धर्मादाय न्यासाने सवलतीच्या भाड्याने दिलेल्या जागांना शासन कायद्यातून सूट देऊ शकते. या प्रकल्पांना ती सूट द्यावी, कारण गोठलेल्या भाड्याची भीती असेल तोवर कुठलाही न्यास भाडेकरू ठेवायला धजणार नाही. मात्र सूट सशर्त असावी : उत्पन्नावर आधारलेले भाडे, वर सांगितलेले संरक्षण आणि निष्कासनापूर्वी स्वतंत्र सुनावणी. मालकाला मोकळे रान देणारी सूट आम्ही मागत नाही.

धर्मादाय आयुक्तांकडे दोन गोष्टी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची तर परवानगी लागते. ज्येष्ठाला तर मरेपर्यंतची शाश्वती हवी. प्रत्येक घरासाठी वेगळा अर्ज न करता संपूर्ण प्रकल्पाच्या नमुना करारालाच एकदा मंजुरी मिळावी. आणि याच कलमाखाली ठाण्यातल्या जमिनीच्या विक्रीचा अर्ज आला, तर त्याची नोटीस वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून न थांबता संबंधित चर्चच्या दारावर मराठीत लावावी.

महापालिकेकडे मालमत्ता कराची अडचण आहे. धर्मादाय वापराच्या इमारतीला करमाफी मिळते, पण तिथून भाडे येते म्हटले की ती माफी जाते. महिना सहाशे रुपये भाडे देणाऱ्या आजींच्या घराला आणि शेजारच्या आलिशान फ्लॅटला एकाच नजरेने पाहू नये. सामान्य करात सवलत द्यावी, विकास शुल्क माफ करावे, आणि पाण्याची जोडणी भोगवटा प्रमाणपत्राआधी निश्चित करावी. ज्येष्ठांना टँकरच्या रांगेत उभे करायचे असेल तर हा प्रकल्प सुरूच करू नये.

त्याचबरोबर प्रश्न रस्त्याचा. घोडबंदर रोड ओलांडायला बांधलेले पादचारी पूल गुडघेदुखीच्या माणसाच्या कामाचे नाहीत. निवडलेल्या जागेसमोर जमिनीवरून ओलांडता येणारा, सिग्नलचा मार्ग आणि टीएमटीचा थांबा असावा. महापालिकेचे मोठे रुग्णालय कळव्याला आहे. कासारवडवलीच्या रुग्णाला तिथे पोहोचायला जो वेळ लागतो त्याचा विचार करून प्रकल्पाच्या तळमजल्यावर महापालिकेने आरोग्य केंद्र चालवावे. जागा न्यासाने विनामूल्य द्यावी. ते केंद्र आसपासच्या सर्वांना खुले असावे.

म्हाडाने वीस टक्के योजनेतल्या, या पट्ट्यात मिळणाऱ्या घरांपैकी काही घरे विक्रीऐवजी अशा न्यासांकडे भाड्याने चालवायला देण्याची शक्यता तपासावी. नवी इमारत उभी राहायला पाच-सात वर्षे लागतील, आणि आमच्यातल्या काहींकडे तेवढा वेळ नाही.

या मागण्यांवर प्रत्येक कार्यालयाने तीन महिन्यांत लेखी उत्तर द्यावे. जी मागणी अमान्य असेल तिचे कारण लिहावे, म्हणजे आम्ही ती दुरुस्त करून पुन्हा मांडू. त्यानंतर चर्च, म्हाडा, महापालिका आणि धर्मादाय आयुक्तालय यांची आमच्यासह एकत्र बैठक बोलवावी. ती दुपारी घ्यावी आणि तळमजल्यावर घ्यावी. आमच्यातल्या अनेकांना जिना चढवत नाही.

आपले नम्र,
घोडबंदर रोड परिसरातील ज्येष्ठ नागरिक आणि भाडेकरू कुटुंबे
(सह्या सोबत जोडल्या आहेत)